मारुती ८००, पुढच्या चाकांच्या उड्या आणि ट्रॅक्शन बार: कामाच्या नोंदी

गाडी मारुती ८००. मूळचं ७९६ सीसीचं ३७ बीएचपी इंजिन काढून एस्टीमचं १.३ लिटर एमपीएफआय इंजिन बसवलंय, ८५ बीएचपीचं. चाकं १३ इंची, टायर १६५/६५. सस्पेन्शन मात्र कंपनीचंच. जोर दिला की पुढची चाकं धडधडतात, ते थांबवायला ट्रॅक्शन बार, म्हणजे चाकाला मागेपुढे डोलू न देणारे दांडे, घरीच बनवले त्याच्या या नोंदी. गाडी रस्त्यावर चालवत नाही, टेम्पोत घालून नेतो-आणतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलाय: आरसी बुकात एक आणि रस्त्यावर दुसरं, असं चालत नाही. त्यामुळे पुढचं सगळं बंद आवारातल्या गाडीचं आहे असं समजून वाचावं.

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

कोल्हापूरजवळ शिरोलीत ओळखीच्या एका गोडाऊनमागे काँक्रीटचा लांब पट्टा आहे. मालकाला विचारून सकाळी तिथे गाडी उतरवली. मावसभाऊ चालवायला, मी बाहेर.

पहिल्या गिअरला साडेतीन हजारांवर क्लच सोडला की पुढची दोन्ही चाकं आधी फिरतात, मग पकडतात, आणि लगेच धडधड सुरू. बॉनेट थरथरतं, स्टिअरिंग हातात नाचतं, आतून कुणीतरी घण घालतंय असा आवाज. मावसभावाचं म्हणणं, "दादा, गिअरबॉक्स खाली पडतोय बघ." पाय काढला की क्षणात शांत.

यालाच व्हील हॉप म्हणतात. मोबाइलवर २४० फ्रेमने व्हिडिओ काढला होता, घरी येऊन एकेक फ्रेम सरकवून पाहिला. चाक पुढे जातं, थांबतं, मागे येतं, परत पुढे. एका फेऱ्याला साधारण २२ फ्रेम, म्हणजे सेकंदाला अकरा हादरे. चाक वरखाली उडतंय असं बाहेरून दिसतं, पण व्हिडिओत वरखालीपेक्षा मागेपुढे जास्त हलतंय. हीच गोष्ट महत्त्वाची. टायर काँक्रीटला धरतो तेव्हा चाक गाडीच्या पुढे पळायला बघतं. मधलं रबर ताणलं जातं. ताण टायरच्या पकडीपेक्षा जास्त झाला की टायर सुटतो, रबर चाकाला मागे फेकतं, टायर परत धरतो. पाय दाबलेला असेपर्यंत हे चालूच.

यात मार खातात ते ॲक्सल, सीव्ही जॉइंट (ॲक्सलचे वळणारे सांधे), डिफरन्शिअलचे दाते आणि गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं घर. एकसारखा जोर हे सगळं सोसतं, पण सुटून परत धरण्याचा धक्का त्यांना तोडतो. म्हणून हॉप सुरू झाला की पाय काढायचा, हट्टाने दाबून धरायचा नाही. मावसभावाला हे दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला लागू नये.

शनिवार, १६ नोव्हेंबर

गाडी उद्यमनगरात मिस्त्रींच्या शेडमध्ये घोडीवर चढवली. चाकं काढली.

८०० ची पुढची रचना ज्यांनी खाली वाकून पाहिली नसेल त्यांच्यासाठी: वर मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॉप एकत्र असलेला उभा खांब), खाली एकच आडवा लोअर आर्म, आणि तो आर्म आत एकाच बुशवर, म्हणजे रबरी बाहीवर, टांगलेला. एका बुशवरचा आर्म मागेपुढे डोलणारच. त्याला आवरण्याचं काम मारुतीने स्टॅबिलायझर बारवर टाकलंय. बारचं टोक आर्मच्या भोकातून आरपार जातं, दोन्ही बाजूंना रबर आणि वॉशर, मागून नट. बार पुढे जाऊन बॉडीखाली रबरी क्लॅम्पमध्ये बसतो. म्हणजे वळणात गाडी झुकू न देणं आणि चाक मागेपुढे जाऊ न देणं, ही दोन्ही कामं एकाच वाकवलेल्या सळईकडे. ३७ बीएचपीच्या हलक्या, स्वस्त गाडीसाठी ही रचना हुशारीचीच म्हणायची. इंजिन बदललं ते आम्ही.

नुसतं बघून काही कळत नाही, म्हणून मोजलं. आमच्या फाउंड्रीतून क्रेनचा डिजिटल वजनकाटा मागून आणला होता. आर्मच्या बॉल जॉइंटला (चाकाकडच्या टोकाच्या गोळ्याच्या सांध्याला) साखळी, साखळीत काटा, काट्याला चेनकुप्पी, आणि चेनकुप्पी शेडच्या पुढच्या खांबाला. गाडीला मागून दुसरी साखळी घालून बांधलं. बॉल जॉइंटवर डायल गेज. चेन ओढत काट्यावर १५० किलो आणले.

बॉल जॉइंट सात मिलीमीटर पुढे आला. चेन सोडली तर पाच-साडेपाच परत गेला, बाकीचा तिथेच अडकला. टोकाची रबरं चेपून चकतीसारखी झाली होती. नवी घालून परत ओढलं: पाच मिलीमीटर. रबर नवं असूनही पाच. मग मिस्त्रींनी बारच्या वाकणावर बोट ठेवलं आणि मला चेन ओढायला सांगितलं. बार स्वतःच उघडत होता. टोकाचं रबर, बारचं वाकण आणि क्लॅम्पचं रबर, तीन मऊ गोष्टी एकामागे एक. एकीला टणक केलं तर बाकीच्या दोन आहेतच.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळीच मत टाकून आलो, उरलेला दिवस ट्रॅक्शन बारच्या अभ्यासात घातला.

पहिला गोंधळ नावाचा आहे. ट्रॅक्शन बार शोधलं की निम्म्याहून जास्त माल मागच्या चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्यांचा निघतो. तो पाटे असलेल्या गाड्यांसाठी असतो. जोर दिला की मागच्या ॲक्सलचा हाउसिंग फिरायला बघतो आणि पाटा एस आकारात पिळतो. तो पीळ अडवायला पाट्याखाली किंवा हाउसिंगपासून चेसीपर्यंत दांडा घालतात. बोलेरो पिकअपला त्याचा उपयोग होईल, आपल्याला शून्य.

पुढच्या चाकांच्या गाड्यांत हा प्रकार मुख्यतः जुन्या होंडांमुळे रुळला. १९८८ ते २००० या काळातल्या सिव्हिक आणि त्याच घराण्यातल्या इंटिग्रा. त्यांना पुढे डबल विशबोन, म्हणजे चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म. त्यांतल्या सुरुवातीच्या पिढीत खालच्या आर्मला मागेपुढे धरायला एक रेडिअस रॉड पुढे जातो आणि जाड रबरी बुशमध्ये बसतो. अमेरिकेत या गाड्यांत टर्बो घालून ड्रॅगला पळवणाऱ्यांनी ते रबर काढून टाकलं. ट्रॅक्शन बारचं किट म्हणजे पुढे एक पाइपचा क्रॉसमेंबर (आडवा दांडा) आणि त्याला गोलाकार जॉइंटने, म्हणजे रॉड एंडने, जोडलेले कमी-जास्त करता येणारे दोन रॉड. चाकाचा जोर रबरात न मुरता थेट बॉडीत जातो. शिवाय क्रॉसमेंबर पुढे सरकल्याने टर्बो आणि एक्झॉस्टला जागा होते, आणि अनेकांनी बार त्यासाठीच घेतला असणार. चकचकीत पावडर कोटिंग केलेले फोटो बघून डोळे दिपतात.

मावसभावाने एका किटची लिंक पाठवली होती, "हे मागवूया." त्याला समजावलं ते इथे लिहून ठेवतो. ते किट त्या होंडाच्या टो-हुकच्या जागा, आर्मची लांबी आणि सबफ्रेमची भोकं यांच्या मापाने बनलंय. आपल्या ८०० ला त्यातलं एक भोकही जुळणार नाही. इतकंच काय, भारतात २००६ साली आलेल्या सिव्हिकलाही ते बसत नाही, कारण २००० नंतरच्या पिढीपासून होंडाने सिव्हिकच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट घातले.

पण मूळ कल्पना आपल्याला चपखल लागू पडते. होंडाला रेडिअस रॉड होता, आपल्याला त्याच जागी वाकडा स्टॅबिलायझर आहे. त्याच्याकडून मागेपुढे धरण्याचं काम काढून घ्यायचं आणि सरळ रॉडला द्यायचं.

ज्या गाड्यांना रुंद एल आकाराचा लोअर आर्म आहे, म्हणजे आजच्या बहुतेक सगळ्या, त्यांच्यात मात्र पुढे रॉड घालायला जागाही नसते आणि गरजही नसते. तिथे आर्मचं मागचं मोठं बुश आणि इंजिनचं खालचं टॉर्क माउंट ही दोन ठिकाणं. रिमॅप केलेली (कॉम्प्युटर बदलून ताकद वाढवलेली) टर्बो हॅचबॅक घेऊन कुणी ट्रॅक्शन बार विचारत आला तर त्याला आधी या दोन रबरांकडे पाठवावं.

रविवार, २४ नोव्हेंबर

बार करायला घेण्याआधी एक शंका मिटवायची होती. हॉपमध्ये इंजिनच्या फाउंडेशनचा, म्हणजे इंजिन ज्या रबरी माउंटांवर बसतं त्यांचा, वाटा किती? जोर दिला की इंजिन मागे कलतं, सोडलं की पुढे येतं. तेही रबरच.

इंजिनच्या वरच्या हुकापासून पुढच्या क्रॉसमेंबरपर्यंत वायररोप घातला, मध्ये टर्नबकल, आणि ताणून घट्ट केला. इंजिन जवळजवळ खिळलं. त्याच पट्ट्यावर, त्याच हवेच्या दाबावर (पुढे २८) परत क्लच सोडला. धडधड कमी झाली, लवकर सुरू होत नव्हती, पण एकदा लागली की लागली. व्हिडिओत आर्म तसेच मागेपुढे.

मग वायररोप सोडून हवा ३२ केली. टायर जास्त फिरला, हॉप थोडा कमी. पण ते पकड घालवून मिळवलेलं समाधान.

म्हणजे दोन्ही दोषी, मोठा वाटा आर्मचा. आधी बार, मग फाउंडेशन. उलट क्रमाने गेलो असतो तर फाउंडेशन टणक करून सगळी गाडी खुळखुळा झाली असती आणि हॉप उरलाच असता.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

रात्री कागदावर हिशेब. आकडे ढोबळ आहेत, पण कुठल्या भागाला जपायचं ते यातूनच ठरलं.

ड्रायव्हरसकट गाडी ७७० किलो धरली. सुटताना वजन मागे जातं, तेव्हा पुढच्या दोन चाकांवर ३९० च्या आसपास उरतं. पकड ०.९ धरली तर एका चाकाला पुढे ढकलायला सुमारे १७५ किलोचा जोर. तो स्ट्रटच्या वरच्या टोकात आणि खालच्या आर्ममध्ये वाटला जातो. पुढच्या चाकांच्या गाडीत फिरवणारा पीळ इंजिन-गिअरबॉक्स आपल्या अंगावर घेतो, नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) फक्त ढकल मिळते, तीही चाकाच्या मध्याच्या उंचीवर. आमच्या मापांनी (चाकाचा मध्य २७० मिमी, बॉल जॉइंट १७०, स्ट्रटचं वरचं टोक ७८०) खालच्या आर्मकडे ८४ टक्के येतो. म्हणजे १५० किलो.

आता ब्रेक. ब्रेकचा पीळ कॅलिपरमार्फत नकलवरच येतो, त्यामुळे जोर जणू जमिनीच्या पातळीवर लागतो. वजनही पुढे येतं. एका चाकाला २६५ किलोचा ब्रेक धरला तर खालच्या आर्मवर तो वाढून ३४० होतो, आणि उलट्या दिशेने, मागे. सुटतानाच्या दुपटीहून जास्त!

हे कळल्यावर सगळं डिझाइन डोक्यात फिरलं. आपण याला ट्रॅक्शन बार म्हणतो, पण त्याचं खरं ओझं ब्रेकचं आहे. रॉड चाकाच्या पुढे आहे, म्हणजे सुटताना तो दाबला जातो आणि ब्रेकला ताणला जातो. आर्मवरचं भोक बॉल जॉइंटच्या थोडं आत आहे, रॉड थोडा तिरका, त्यामुळे प्रत्यक्ष रॉडमध्ये आणखी तीसेक टक्के वाढ धरायची. ब्रेकला साडेचारशे किलोच्या घरात. वर हॉपचे आणि खड्ड्याचे धक्के. हा रॉड सुटला तर ब्रेक लावताना चाक मागे जाऊन फेंडरला घासेल. हॉप परवडला.

आणि पाइप? २० मिमी बाहेरचा, अडीच मिमी जाडीचा, ४०० लांबीचा सीडीएस (बिनजोड, थंड ओढलेला) पाइप दाबून वाकायला हिशेबाने साडेसहा टन लागतात. पाइपची काळजी संपली.

रविवार, १ डिसेंबर

मिस्त्रींना कागद दाखवला. त्यांनी आकडे बाजूला सारले आणि बॅटरी घेऊन गाडीखाली गेले. खालूनच आवाज: "आरं, पायपाला काय बी हुत न्हाई. तो धरलाय कुठं ते बघ की आधी. हितला पत्रा बघितलास का?"

पाहिला. क्लॅम्पच्या भोकांभोवती गंज, स्क्रूड्रायव्हर टोचला तर एका जागी आत गेला. पातळ पत्र्याची पेटी आहे ती. तिच्यावर थेट ब्रॅकेट वेल्ड करून रॉड टांगला असता तर वेल्डच्या कडेने पत्राच फाटला असता.

इथे निवड करायची होती. एक मार्ग म्हणजे डावा-उजवा स्वतंत्र ब्रॅकेट, हलका आणि सोपा. दुसरा होंडाच्या किटसारखा, दोन्ही बाजूंना जोडणारा क्रॉसमेंबर. आम्ही दुसरा घेतला. क्रॉसमेंबर असला की एका बाजूचा जोर सगळ्या पुढच्या भागात पसरतो आणि दोन्ही पिकअप (रॉड धरायच्या जागा) एकमेकांच्या मापात राहतात. वजन चार किलो वाढेल, वाढू दे.

गंजका भाग कापून नवा पत्रा. क्लॅम्पच्या मूळच्या चार भोकांवर चार मिमीच्या पट्ट्या, आतल्या बाजूलाही तेवढ्याच. पेटीतून बोल्ट आरपार, आणि बोल्टभोवती पेटीच्या उंचीएवढे नळीचे तुकडे, म्हणजे आवळताना पत्रा चेपणार नाही. बोल्ट ८.८ ग्रेडचे. शिवाय टो-हुकच्या जागी दोन आधार. क्रॉसमेंबरला ३८ बाय ३ चा पाइप.

लोअर आर्मवर वेल्ड करायचं नाही, यावर मिस्त्री आणि मी एकदम सहमत. आर्मच्या मूळ भोकातूनच रॉडचं टोक जाईल, कंपनीसारखंच, फक्त रबराऐवजी कडक पॉलियुरेथेन.

बुधवार, ४ डिसेंबर

रॉड एंड आले. एम१२, पितळी नाही तर टेफ्लॉनच्या अस्तराचे. स्वस्तातले हातात घेतले तेव्हाच डोलत होते, परत दिले. वरून रबरी टोपी घालणार, कारण उसाच्या मोसमात कोल्हापूरच्या रस्त्याकडेला जी धूळ असते ती टेफ्लॉनला आठवड्यात खाऊन टाकेल. टेम्पोतसुद्धा.

रविवार, ८ डिसेंबर

पूर्ण दिवस शेडमध्ये. लेथवर रॉडची टोकं, टॅपिंग, दोन्ही रॉड एकाच मापात. सीओटू वेल्डिंग मिस्त्रींनी स्वतः केलं, पोराला हात लावू दिला नाही. आधी सगळं गाडीवर बोल्टने आवळलं, टाके मारले, मग काढून टेबलवर पूर्ण वेल्ड. वेल्ड करताना पाइप ओढला जातो म्हणून पिकअपच्या दोन कानांमध्ये बारा मिमीची सळई घालून ठेवली होती. थंड झाल्यावर सळई हाताने निघाली. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण सळई माझ्या हातात देताना मिशीत हसले.

कानांबद्दल एक नोंद. रॉड एंड दोन्ही बाजूंनी धरायचा, म्हणजे दोन कानांमध्ये. एकाच कानावर बाहेरून बोल्ट लावलेले फोटो बरेच दिसतात. त्यात बोल्ट वाकतो. आणि मोठा वॉशर दोन्हीकडे हवाच. रॉड एंडचा गोळा निखळला तरी वॉशर रॉडला जाऊ देत नाही.

रविवार, १५ डिसेंबर

स्प्रिंग काढून चाक जॅकने पूर्ण खालपासून पूर्ण वरपर्यंत फिरवलं. हे केल्याशिवाय गाडी जमिनीवर ठेवायची नाही असं ठरलं होतं.

आर्म आतल्या बुशभोवती फिरतो, रॉड पुढच्या गोळ्याभोवती. दोघांची वर्तुळं वेगळी, त्यामुळे चाक वरखाली जाताना थोडं मागेपुढे होणारच. ४०० च्या रॉडला टोक ४८ मिमी उचललं तर हा फरक तीन मिलीमीटरच्या आत येतो, २५० चा रॉड असता तर साडेचार झाला असता. म्हणून जागा मिळेल तेवढा लांब रॉड. रॉड एंडचा कोन सात अंशांपर्यंत गेला, कुठे टेकला नाही. मागचं पॉलियुरेथेन मात्र पूर्ण वर गेल्यावर कडेने कुरकुरलं. त्याची कड ग्राइंडरने तिरकी केली, ग्रीस लावलं, आवाज गेला.

मग कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन. रॉड आखूड केला की बॉल जॉइंट पुढे येतो आणि कॅस्टर वाढतो. एम१२ च्या एका पूर्ण फेऱ्याला पावणेदोन मिमी, बॉल जॉइंटवर सव्वादोन, म्हणजे कॅस्टर साधारण ०.२ अंश. ओळंबा टाकून दोन्ही बाजूंचा व्हीलबेस जमिनीवर खडूने मोजला. कंपनीचा आकडा २१७५ मिमी. डावीकडे दोन मिमी कमी निघाला, डावा रॉड एक फेरा आत घेतला.

साखळी, काटा, डायल गेज पुन्हा. १५० किलोला आता दीड मिलीमीटर. त्यातलं बहुतेक आर्मच्या आतल्या बुशचं, आणि ते तसंच ठेवणार.

रविवार, २२ डिसेंबर

शिरोली. पहिली चाचणी ब्रेकची. वीसवरून, मग चाळीस, मग साठवरून पूर्ण ब्रेक. प्रत्येक वेळी खाली झोपून चेकनटवरची पिवळ्या रंगाची रेघ बघायची, जुळलेली आहे का. जुळलेली होती. मावसभावाला क्लच सोडायची इतकी घाई की तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला होता.

मग क्लच. साडेतीन हजार. चाकं फिरली, किंचाळली, पकडली आणि गाडी गेली. धडधड नाही. चार हजारांवर सुरुवातीला दोन-तीन हादरे आले आणि आपोआप विरले. आधी हादरे वाढत जायचे, आता ते मरतात. व्हिडिओत आर्म जवळजवळ जागेवर, हलतंय ते इंजिन. अपेक्षेप्रमाणेच.

स्टिअरिंग जड झालंय, सरळ रेषेत गाडी जास्त नीट जाते. केबिनमध्ये प्रत्येक खडा ऐकू येतो. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथे कार्ट चालवलेल्यांना ही भावना ओळखीची वाटेल. कार्टला तर सस्पेन्शनच नसतं.

स्टॅबिलायझर आता गाडीत नाही, हे विसरून चालणार नाही. पट्ट्याच्या टोकाला वळवताना गाडी चांगलीच झुकली. त्याचा एक फायदाही आहे: आतलं पुढचं चाक हलकं होत नाही, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ते कमी फिरतं. मावसभावाला झुकणं आवडलं नाही. मला चालतंय.

रविवार, ५ जानेवारी २०२५

फाउंडेशन. तिन्ही बदलायचा मोह होता, फक्त मागचंच केलं, कारण इंजिनचं मागे कलणं तेच जास्त सोसतं. जुन्या फाउंडेशनच्या रबरातल्या पोकळ्या साफ करून त्यात दोन भागांचं पॉलियुरेथेन ओतलं. खालून टेप, वरून ओतायचं, रात्रभर तसंच. आयडलला आरसा थरथरतो, हजारांच्या वर गेलं की शांत. तिन्ही भरली असती तर डॅशबोर्डचे स्क्रू वेचत बसलो असतो.

पट्ट्यावर चार हजारांचे हादरे गेले. साडेचारला अजून एखादा येतो. हवा २८ वरून २४ केली तर परत तीन-चार. टायरची बाजूची भिंतही स्प्रिंगच आहे, मऊ केली की ती सगळ्यांच्या आधी ताणते. २८ वर कायम.

रविवार, १२ जानेवारी

गाडी परत घोडीवर, नुसती तपासणी. वेल्डच्या कडांना भेगा शोधायचं द्रव मारलं (लाल फवारा, पुसायचं, मग पांढरा): एकही लाल रेघ उमटली नाही. क्रॉसमेंबरचे बोल्ट टॉर्क पान्याने पाहिले, टो-हुककडचा डावा थोडा सैल झाला होता. तिथे रंगाचा थर बोल्टखाली चेपला होता. रंग खरवडून परत आवळला, नवी रेघ मारली. उजव्या रॉड एंडच्या टोपीत धूळ नाही. सीव्ही जॉइंटच्या बुटांवर ग्रीस नाही.

पुढचे शॉकॉप अजून कंपनीचेच आहेत आणि उजव्यावर तेलाचा ओला पट्टा दिसतोय. साडेचार हजारांवरचा तो उरलेला हादरा बहुधा त्याचाच. जोडी बदलून घ्यायची. मिस्त्रींनी क्रॉसमेंबरला रंग कुठला मारायचा विचारलं, मावसभाऊ लाल म्हणाला. काळा मारला, कारण काळा डबा उघडा होता.